तीनशेचे साडेचारशे : प्रोसेसरवर छापलेल्या एका आकड्याचा इतिहास

१/
२४ ऑगस्ट १९९८. अमेरिकेतील इंटेल कंपनीने या एकाच दिवशी दोन निरनिराळ्या दर्जांचे प्रोसेसर बाजारात आणले. पहिला पेंटियम टू : वेग ४५० मेगाहर्ट्झ, घाऊक किंमत ६६९ डॉलर. दुसरा सेलेरॉन ३००ए : वेग ३०० मेगाहर्ट्झ, घाऊक किंमत १४९ डॉलर. एक सधन ग्राहकासाठी, दुसरा काटकसरी ग्राहकासाठी. परंतु थोड्याच काळात जगभरातील हौशी तरुणांच्या ध्यानात आले, की यातला दुसरा पुष्कळदा पहिल्याच्या वेगाने धावू शकतो. त्यासाठी लागत होता चिकटपट्टीचा एक बारीकसा तुकडा.

२/
प्रोसेसर त्याच्यावर छापलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने चालवणे, यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. आज एखादा जुना संगणक समोर घेऊन पहिल्यांदाच हा प्रयोग करणाऱ्यास तो केवळ खेळ वाटतो. पण या खेळामागे जवळपास चार दशकांचा एक वाद उभा आहे. प्रोसेसरवर ‘३००’ असे छापलेले असते, तेव्हा तो आकडा निसर्गाची मर्यादा सांगतो, कंपनीचे वचन सांगतो, की बाजाराची सोय? आणि छापलेला वेग व खरी मर्यादा यांच्यामध्ये जी जागा उरते, ती कोणाच्या मालकीची? हा थ्रेड त्या जागेचा इतिहास आहे.

३/
प्रथम ‘क्लॉक’ म्हणजे काय ते पाहू. हे घड्याळ वेळ सांगत नाही, ठोका देते. लेझीमचे पथक डोळ्यांसमोर आणा. हलगीचा ठोका पडला की प्रत्येक गडी एक पाऊल टाकतो आणि पुढच्या ठोक्याआधी त्याचे पाऊल पूर्ण व्हावे लागते. ठोका जलद केला तर चपळ गडी जुळवून घेतात. पण ओळीतला सर्वांत संथ गडी चुकला की सगळी ओळ विस्कटते. प्रोसेसरमध्ये गड्यांच्या जागी ट्रान्झिस्टरांच्या साखळ्या असतात. त्यांतली सर्वांत संथ साखळी जेवढा वेळ घेते, तेवढी त्या प्रोसेसरच्या वेगाची मर्यादा.

४/
आता हेच आकड्यांत पाहू. ३०० मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३० कोटी ठोके. दोन ठोक्यांमधले अंतर सुमारे ३.३३ नॅनोसेकंद. ४५० मेगाहर्ट्झला हेच अंतर २.२२ नॅनोसेकंदांवर येते. प्रकाशसुद्धा एका नॅनोसेकंदात जेमतेम ३० सेंटिमीटर अंतर कापतो, यावरून हा अवकाश किती तोकडा आहे याची कल्पना यावी. एखाद्या साखळीचे काम पुरे होण्याआधीच पुढचा ठोका पडला, तर अर्धवट उत्तर नोंदले जाते : शून्याच्या जागी एक, एकाच्या जागी शून्य. धूर निघत नाही, आवाज होत नाही. हे लक्षात असू द्या. पुढे याचे काम पडणार आहे.

५/
मग छापील आकडा ठरतो कसा? सिलिकॉनच्या एकाच गोल चकतीवर शेकडो प्रोसेसर एकत्र घडवले जातात, पण सर्व अगदी सारखे उतरत नाहीत. म्हणून प्रत्येकाची चाचणी होऊन प्रतवारी लावली जाते. अधिक वेग सोसणारा वरच्या प्रतीत, कमी सोसणारा खालच्या प्रतीत. ही प्रत ठरवताना कंपनी हात राखून असते. उन्हाळा, धुळीने भरलेला पंखा, वीजपुरवठ्यातले चढउतार, वर्षानुवर्षांची झीज : या सर्वांतही प्रोसेसर बिनचूक चालला पाहिजे, म्हणून खऱ्या मर्यादेच्या बऱ्याच खाली आकडा छापला जातो.

६/
प्रतवारीत बाजारही हात घालतो. आंब्याच्या हंगामात बहुतेक फळ अव्वल उतरले आणि मागणी मात्र स्वस्त पेटीला असली, तर व्यापारी काय करील? अव्वल फळच दुय्यम प्रतीच्या पेटीत भरील. प्रोसेसरच्या धंद्यातही उत्पादनतंत्र परिपक्व झाले की बहुतेक माल वरच्या दर्जाचा निघतो, पण स्वस्त प्रतीची मागणी कायम असते. म्हणजे छापील आकडा ही किमान पात्रतेची हमी असते. कमाल क्षमतेची मोजणी नव्हे. ओव्हरक्लॉकिंगचा सगळा इतिहास याच फरकातून जन्मला आहे.

७/
या इतिहासाचा आरंभ १९८१ च्या आयबीएम पीसीपासून करता येईल. त्यातील ८०८८ हा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झने चाले. हा विचित्र आकडा कोठून आला? मदरबोर्डवर १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा एक स्फटिक होता. अमेरिकन रंगीत दूरचित्रवाणीच्या संकेताला लागणाऱ्या वारंवारतेच्या तो बरोबर चौपट होता. त्याला तिनाने भागून प्रोसेसरचा ठोका मिळवला गेला. ५ मेगाहर्ट्झची पात्रता असलेला प्रोसेसर ४.७७ वर चालला, तो एका स्फटिकात दोन कामे भागावीत म्हणून. पहिल्या पीसीपासूनच वेगाच्या आकड्यात भौतिकशास्त्राइतकाच हिशेबही मिसळलेला होता.

८/
१९८४ मध्ये आयबीएम पीसी एटी आला. त्यात ८०२८६ प्रोसेसर होता. १२ मेगाहर्ट्झच्या स्फटिकाचा ठोका निम्मा होऊन त्याला मिळे, म्हणजे वेग ६ मेगाहर्ट्झ. हौशी लोकांनी स्फटिक उपसला, त्या जागी १६ मेगाहर्ट्झचा बसवला आणि वेग ८ वर नेला. काही रुपयांच्या भागात एक तृतीयांश वेगवाढ! येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी : हे करणारे बहुतांशी कार्यालयांतले, व्यवसायातले लोक होते. हिशेबाचा तक्ता लवकर सुटावा, एवढीच त्यांची इच्छा होती. विक्रमाची हौस पुष्कळ नंतरची.

९/
आयबीएमचे उत्तरही नोंद घेण्याजोगे आहे. एटीच्या पुढील आवृत्तीत बायोस, म्हणजे संगणक सुरू होताना प्रथम चालणारी आज्ञावली, बदलण्यात आली. तो सुरुवातीलाच वेग मोजू लागला आणि अपेक्षेहून जलद ठोका आढळला तर संगणक पुढे जाऊ देईना. १९८६ मध्ये कंपनीने स्वतःच ८ मेगाहर्ट्झचा एटी विक्रीस आणला. म्हणजे जो वेग ग्राहकाने स्फटिक बदलून मिळवला होता, तोच आता नव्या यंत्राच्या किमतीत मिळू लागला. पुढच्या अनेक प्रसंगांचा साचा येथेच घडला : ग्राहक जागा शोधतो, कंपनी कुलूप लावते, मग तीच जागा स्वतः विकते.

१०/
१९९२ च्या ४८६डीएक्स२ प्रोसेसरने मांडणी बदलली. मदरबोर्डला ३३ मेगाहर्ट्झपलीकडे जाणे अवघड, पण प्रोसेसर आतून ६६ वर धावू शकत होता. म्हणून ‘गुणक’ आला : बाहेरचा ठोका गुणिले गुणक म्हणजे आतला वेग. पेंटियमच्या काळात हे दोन्ही आकडे मदरबोर्डवरील जंपरांनी, म्हणजे दोन पिना जोडणाऱ्या इवल्याशा टोप्यांनी, ठरत. १३३ मेगाहर्ट्झचा पेंटियम म्हणजे ६६ गुणिले २. एक टोपी हलवून गुणक २.५ केला की तोच १६६ वर चालू लागे. निदान चालण्याची शक्यता असे.

११/
सोय झाली तशी लबाडीही आली. कमी वेगाच्या प्रोसेसरवरील छाप खरवडून त्यावर वरचा आकडा छापायचा आणि वरच्या किमतीला विकायचा, असा धंदा नव्वदच्या दशकात अनेक देशांत फोफावला. घेणाऱ्याला कळण्यास मार्ग नसे. संगणक सुरू होई, पडद्यावर मोठा आकडाही दिसे. पुढे कधीतरी तो अवचित थिजू लागे. हौशी माणूस आणि भामटा यांची तांत्रिक कृती एकच होती. फरक एवढाच, की एकाला आपण काय करतो आहोत हे ठाऊक होते आणि दुसऱ्याच्या ग्राहकाला ते ठाऊक नव्हते. इंटेलने अखेर गुणकच प्रोसेसरमध्ये कायमचा बंदिस्त केला.

१२/
आता १९९८ कडे येऊ. स्वस्त संगणकांच्या बाजारात एएमडीच्या के६ प्रोसेसरने इंटेलपुढे आव्हान उभे केले होते. या के६ चा एका मराठी शहराशी संबंध आहे. पुण्यात जन्मलेले विनोद धाम इंटेलमध्ये पेंटियमच्या निर्मितीचे नेतृत्व करून बाहेर पडले आणि नेक्सजेन कंपनीत गेले. ती कंपनी एएमडीने विकत घेतली आणि तिच्याच आराखड्यातून के६ साकारला. इंटेलने एप्रिल १९९८ मध्ये दिलेले उत्तर म्हणजे पहिला सेलेरॉन. पण किंमत उतरवण्यासाठी त्यातील दुय्यम कॅश, म्हणजे हाताशी लागणारी माहिती ठेवण्याची जलद स्मृती, पूर्णतः काढून टाकली होती. तो मंद निघाला आणि त्याची छीथू झाली.

१३/
ही चूक सुधारण्यासाठी ऑगस्टमध्ये सेलेरॉन ३००ए आला. १२८ केबी कॅश त्यात परतली, आणि तीही थेट प्रोसेसरच्याच सिलिकॉनवर. महागड्या पेंटियम टूमध्ये कॅश ५१२ केबी होती खरी, पण ती शेजारच्या वेगळ्या चिपांत बसवलेली आणि प्रोसेसरच्या निम्म्या वेगाने चालणारी. सेलेरॉनची कॅश लहान, पण पूर्ण वेगाची. शिवाय दोहोंचे उत्पादनतंत्र एकच, ०.२५ मायक्रॉनचे. ज्या तंत्रातून ४५० चा पेंटियम टू उतरत होता, त्याच तंत्रातून ३०० चा सेलेरॉन उतरत होता. अव्वल फळ दुय्यम पेटीत पडले होते.

१४/
गुणक ४.५ वर बंदिस्त होता. ६६ च्या ठोक्याला ४.५ ने गुणले की ३००. कुलूप गुणकाला होते. बाहेरच्या ठोक्याला नव्हते. आणि त्याच वर्षी आलेला इंटेलचा ४४०बीएक्स हा मदरबोर्डचा चिपसंच १०० मेगाहर्ट्झसाठीच बनवलेला होता. १०० गुणिले ४.५ म्हणजे ४५०. येथे एक सूक्ष्म योगायोग जुळला. ठोका ८३ वर नेला, तर त्याच्याशी बांधलेली पीसीआय मार्गिकाही ३३ ऐवजी ४१ च्या वर जाई आणि हार्ड डिस्क बिघडण्याची भीती असे. १०० वर मात्र भागाकार तिनाने होई, आणि ती मार्गिका पुन्हा नेमकी ३३ वर येई. मोठी उडी लहान उडीपेक्षा सुरक्षित ठरली!

१५/
बाहेरचा ठोका किती हवा हे मदरबोर्डला कसे कळे? प्रोसेसर ज्या खाचेत उभा बसे, त्या स्लॉट वनला २४२ संपर्कबिंदू होते. त्यातील बी२१ हे बिंदू प्रोसेसर ६६ चा की १०० चा हे सांगे. तेवढ्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावला किंवा नेलपॉलिशचा थेंब दिला, की मदरबोर्ड त्याला १०० चा समजे. तैवानच्या अबिट कंपनीच्या बीएच६ मदरबोर्डवर तर एवढेही करावे लागत नसे. ठोका आणि व्होल्टेज दोन्ही बायोसच्या पडद्यावरूनच बदलता येत. पेटी न उघडता संगणकाचा वेग दीडपट करण्याची सोय घरोघरी पोहोचली ती अशी.

१६/
त्या काळी पहिल्यांदाच हा प्रयोग करणाऱ्याचा क्रम साधारण असा असे. स्मृतीच्या पट्ट्या १०० मेगाहर्ट्झ पेलणाऱ्या आहेत ना, हे आधी पाहायचे. बायोसमध्ये ६६ चे १०० करायचे, बदल जतन करायचा आणि श्वास रोखून पडद्याकडे पाहायचे. कधी पडदा काळाच राही. मग जंपरने किंवा मदरबोर्डवरची छोटी बॅटरी काढून बायोसच्या नोंदी पुसायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून. कधी ‘४५०’ हा आकडा उमटे, पण विंडोज उघडताना संगणक थिजे. आणि कधी सारे सुरळीत उघडे. बहुतेकांची समजूत अशी, की प्रयोग येथे संपला. वास्तविक तो येथे सुरू होई.

१७/
संगणक थिजत असेल तर उपाय म्हणजे व्होल्टेज किंचित वाढवणे. विद्युतदाब वाढला की ट्रान्झिस्टर अधिक चपळाईने उघडझाप करतात. पण त्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते. खर्ची पडणारी वीज ठोक्याच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सेलेरॉन ३००ए चे नेमस्त व्होल्टेज २.० होते. ते २.२ केले आणि ठोका दीडपट केला, तर उष्णता १.१ गुणिले १.१ गुणिले १.५, म्हणजे १.८ पटींच्या थोडी वर जाते. तापलेला प्रोसेसर पुन्हा मंदावतो, आणि दीर्घकाळच्या जास्त दाबाने व तापाने त्याच्या सूक्ष्म तारा झिजतात.

१८/
येथे हवामानाचाही प्रश्न येतो. पंखा आणि हीटसिंक प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड कधीच करू शकत नाहीत. त्यांचे काम उष्णता त्या हवेत टाकण्यापुरते. त्यामुळे थंड प्रदेशातील २० अंशांच्या खोलीत जमलेला प्रयोग विदर्भातल्या ४५ अंशांच्या दुपारी जसाच्या तसा जमेल, हे गृहीत धरता येत नाही. डिसेंबरात निर्दोष चाललेला संगणक मे महिन्यात अडखळू लागतो, त्याचे कारण हेच. कंपनीने राखून ठेवलेल्या जागेतला एक मोठा हिस्सा अशा मे महिन्यांसाठी असतो. तो आपण डिसेंबरातच खर्चून टाकलेला असतो.

१९/
मग प्रयोग यशस्वी झाला हे कसे ठरवायचे? या कामासाठी हौशींनी गणितज्ञांची अवजारे उसनी घेतली. जपानमध्ये पायची किंमत लक्षावधी अंकांपर्यंत काढणारी ‘सुपर पाय’ ही आज्ञावली वापरात आली. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये विशिष्ट प्रकारच्या प्रचंड अविभाज्य संख्या शोधण्याचा जागतिक प्रकल्प सुरू केला होता. त्यातली ‘प्राइम९५’ ही आज्ञावली तर कसोटीचा दगडच ठरली. ज्यांची उत्तरे आधीच ठाऊक आहेत अशी गणिते ती तासन्‌तास सोडवत राहते. एक जरी उत्तर चुकले, तरी प्रोसेसर नापास. संगणक सुरू होणे आणि संगणक बरोबर असणे, हा भेद या कसोटीने शिकवला.

२०/
याच काळात छापील आकड्याची स्वतंत्र तपासणी करणारी एक पिढी उभी राहिली. जर्मन डॉक्टर थॉमस पाब्स्ट यांनी १९९६ मध्ये ‘टॉम्स हार्डवेअर’ सुरू केले. १९९७ मध्ये आनंद लाल शिम्पी या अवघ्या १४ वर्षांच्या मुलाने अमेरिकेत ‘आनंदटेक’ काढले. दुसरीकडे कुलपे आणि किल्ल्यांचा खेळ चालूच होता. २००० च्या एएमडी अ‍ॅथलॉन आणि ड्युरॉन प्रोसेसरांवर ‘एल१’ नावाच्या इवल्या जोडण्या तोडून ठेवलेल्या असत. त्यांच्यावरून साधी शिसपेन्सिल फिरवली, की ग्राफाइटमधून वीज वाहू लागे आणि गुणक मोकळा होई.

२१/
आणि मग वादाची बाजू उलटली. मार्च २००० मध्ये एएमडीने १ गिगाहर्ट्झचा टप्पा इंटेलच्या दोन दिवस आधी गाठला. स्पर्धा इतकी तापली, की ३१ जुलैला इंटेलने १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम थ्री जाहीर केला. थॉमस पाब्स्ट यांच्या चाचणीत तो डळमळला. लिनक्सचा गाभा संकलित करण्याचे दीर्घ काम त्याला पुरे करता येईना. काइल बेनेट यांनाही त्यात दोष आढळला. इंटेलने पडताळणी केली आणि ऑगस्टअखेर तो प्रोसेसर परत मागवला. चढाओढीत राखीव जागा संपवून टाकण्याची जी चूक हौशी करतात, तीच या वेळी खुद्द निर्मात्याने केली होती. आणि ती हौशींनी शिकलेल्या कसोटीनेच उघडी पाडली.

२२/
पण या खेळाची झळ न खेळणाऱ्यांनाही बसत होती. २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टचे अभियंते रेमंड चेन यांनी एक अनुभव लिहिला. विंडोज कोसळल्याच्या काही नोंदींत दोष अशा आज्ञेवर दिसत होता, जी चुकणे शक्यच नव्हते : प्रोसेसरमधील एक जागा शून्य करण्याची साधी आज्ञा. शोध घेता ओव्हरक्लॉकिंग हे कारण पुढे आले. काही ग्राहकांना आपला संगणक ओव्हरक्लॉक केलेला आहे हे माहीतच नव्हते. लहान विक्रेत्यांनी तो तसाच विकला होता. छाप खरवडणाऱ्यांचा जुना धंदा रूप बदलून जिवंत होता. चौथ्या पोस्टमधला तो नि:शब्द दोष आता दुसऱ्याच्या घरात शिरला होता.

२३/
२०११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच संशोधकांनी सुमारे दहा लाख घरगुती संगणकांच्या नोंदी तपासून शोधनिबंध प्रसिद्ध केला. ओव्हरक्लॉक केलेल्या यंत्रांत प्रोसेसरच्या दोषामुळे कोसळण्याचे प्रमाण स्पष्टपणे अधिक आढळले. छापील वेगापेक्षा कमी वेगाने चालणारी यंत्रे मात्र अधिक भरवशाची ठरली. सुटे भाग आणून संगणक जुळवून घेण्याची रीत आपल्याकडेही, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावापर्यंत, दीर्घकाळ रुजलेली आहे. म्हणून ही बाब आपल्यालाही लागू होते. स्वतःच्या यंत्राची राखीव जागा खर्चणे हा प्रयोग आहे. दुसऱ्याच्या यंत्राची, त्याला न सांगता खर्चणे ही फसवणूक आहे.

२४/
पुढे उष्णतेनेच या शर्यतीला बांध घातला. २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम फोर रद्द केला आणि कंपन्या एकाच गाभ्याचा वेग वाढवण्याऐवजी अनेक गाभ्यांकडे वळल्या. २००८ च्या कोअर आय७ मध्ये ‘टर्बो बूस्ट’ आला. ताप आणि वीज यांचा अंदाज घेऊन प्रोसेसर स्वतःच आपला ठोका वाढवू लागला. २०१० पासून गुणक मोकळा असलेले प्रोसेसर नावापुढे ‘के’ लावून विकले जाऊ लागले. १९८६ चा साचा आठवा. जी जागा ग्राहकाने शोधली, ती आता एकतर प्रोसेसर आपोआप वापरतो, नाहीतर कंपनी तिची किल्ली वेगळ्या किमतीला विकते.

२५/
तरी वाद मिटलेला नाही. २०२४ मध्ये इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतील अनेक शक्तिशाली प्रोसेसर अस्थिर होत असल्याचे उघड झाले. प्रोसेसर स्वतःसाठी गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मागत होते आणि त्यामुळे झिजत होते. कंपनीने आतील सूक्ष्म आज्ञावली दुरुस्त केली आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. यातल्या अनेक ग्राहकांनी कशालाही हात लावलेला नव्हता. १९९८ चा तरुण बी२१ वर पट्टी लावताना जी जोखीम जाणूनबुजून घेत होता, तीच जोखीम छापील वेगातूनच ग्राहकाच्या घरी आली होती.

२६/
म्हणून आज कोणी अडगळीतला जुना संगणक काढून पहिल्यांदाच हा प्रयोग करू पाहत असेल, तर त्याने तो अवश्य करावा; पण शिस्तीने. ज्यात एकही मोलाची फाइल नाही अशी हार्ड डिस्क वापरावी. आधी छापील वेगावरच कसोटी घेऊन तापमान टिपावे. वाळलेला थर्मल पेस्ट पुसून नवा लावावा. ठोका लहान पावलांनी वाढवावा आणि दर पावलाला काही तास कसोटी घ्यावी. व्होल्टेजला शेवटी हात घालावा. पहिली चूक दिसताच एक पाऊल मागे यावे आणि प्रत्येक आकडा वहीत लिहावा. ही वही जपून ठेवावी. कंपन्या प्रयोगशाळेत जी प्रतवारी करतात, तिचीच ती छोटी घरगुती आवृत्ती असते.

२७/
सेलेरॉन ३००ए आज कोणत्याही कामाचा उरलेला नाही. खिशातला साधा मोबाइलही त्याला कैक पटींनी मागे टाकतो. पण त्याने एका पिढीला एक नवा प्रश्न विचारायला शिकवले. यंत्रावर छापलेला आकडा दिसला, की ‘हा किती?’ एवढेच न विचारता ‘हा कोणी ठरवला, कशासाठी, आणि किती हात राखून?’ असे विचारायचे. त्या राखलेल्या जागेत कधी कंपनीचा नफा दडलेला असतो, तर कधी कोणाच्या तरी मे महिन्यातल्या दुपारची काळजी. दोन्ही तितकेच खरे. पट्टी लावण्याआधी यातले आपण काय खर्च करतो आहोत, ते ओळखता आले पाहिजे.

(समाप्त)